टोबाची राख आणि दख्खनमधील अश्मयुगीन माणूस

तेलंगणातील आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील इंद्रवेल्ली आणि तिच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख दख्खनच्या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व काठावर आहे. महाराष्ट्रभर पसरलेला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, या पट्ट्यात विरळ होत जातो आणि त्याच्या खालचे अतिप्राचीन खडक, विशेषतः पैनगंगा समूह या नावाने ओळखली जाणारी चुनखडी, ठिकठिकाणी उघडे पडतात. हा बेसाल्ट ज्या लाव्हापासून बनला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आला, त्या वेळी पृथ्वीवर माणूसच काय, माणसासारखा दिसणारा प्राणीही नव्हता. त्यामुळे पायाखालची बरीच जमीन ज्वालामुखीतून आलेली असली तरी ज्वालामुखी आणि मानव यांची गाठ पडल्याचा पुरावा या प्रदेशाला स्वतःच्या खडकात मिळत नाही. तो पुरावा बाहेरून, समुद्रापलीकडून, वाऱ्यावर आला. इंद्रवेल्लीच्या वायव्येस अडीचशे किलोमीटरच्या आत अकोला जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या गांधीग्रामजवळ, पश्चिमेस सुमारे पाचशे किलोमीटरवर पुणे जिल्ह्यातील कुकडीकाठच्या बोरी येथे आणि दक्षिणेस जवळपास तेवढ्याच अंतरावर आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे ज्वालामुखीय राखेचे थर सापडले आहेत. आकाशातून उतरणारी राख या तीन ठिकाणी पडली आणि मधला मुलूख वगळून गेली, असे होऊ शकत नाही. ती आदिलाबादच्या डोंगरांवर, दऱ्यांत आणि तेव्हा तेथे वावरणाऱ्या प्राण्यांच्या चराऊ रानांवरही पडली असली पाहिजे. पडलेली राख कोठे टिकते, कोठे नाहीशी होते आणि टिकलेल्या राखेवरून माणसाच्या वस्तीविषयी नेमके काय सांगता येते, हा या विषयाचा गाभा आहे.

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात टोबा नावाचे विशाल सरोवर आहे. सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद असा हा खळगा ज्वालामुखीचे कुंड आहे. जमिनीखालील शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर फेकला गेल्यावर वरचे छत खचून तो तयार झाला. या ज्वालामुखीचे मोठे उद्रेक एकापेक्षा अधिक झाले, त्यांपैकी शेवटचा आणि सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा असून गेल्या वीस लाख वर्षांत त्याच्या तोडीचा दुसरा उद्रेक ज्ञात नाही. घनरूप खडकाच्या हिशेबाने किमान २,८०० घन किलोमीटर शिलारस त्यात बाहेर पडला असे प्रचलित गणित सांगते, तर १९९१ साली फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकात, ज्याने जगाचे तापमान वर्षभर जवळपास अर्ध्या अंशाने खाली आणले, हेच प्रमाण पाच घन किलोमीटरच्या आसपास होते. टोबाची राख बंगालचा उपसागर, अरबी समुद्र व दक्षिण चीन समुद्र यांच्या तळाच्या गाळात, मलेशियात आणि जवळजवळ संपूर्ण भारतीय द्वीपकल्पात मिळते. पुणे जिल्हा उद्रेकस्थानापासून तीन हजार किलोमीटरहून दूर असूनही तेथील नदीच्या थडीत ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.

येथे राख या नावाने जे ओळखले जाते ते चुलीतल्या राखेसारखे जळून उरलेले द्रव्य नव्हे. शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी होताच फुगून बुडबुडे होतात, ते फुटतात, त्यांच्या पातळ भिंतींच्या चिरफळ्या उडतात आणि हवेत क्षणार्धात थिजून त्यांची काच बनते. सूक्ष्मदर्शकाखाली हे तुकडे वक्र, धारदार, कधी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे तीन फाटे फुटलेले दिसतात, कारण तीन बुडबुडे जेथे एकमेकांना भिडलेले होते तो सांधाच तेवढा उरलेला असतो. या काचेची रासायनिक घडण हीच तिची ओळख होय. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, टोबाच्या काचेत ते सुमारे ७७ टक्के असते आणि पोटॅशियमचे प्रमाणही बेसाल्टपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या किंवा तेलंगणातल्या एखाद्या थरात अशी काच आढळली तर ती स्थानिक खडकाची झीज होऊन आलेली नाही हे निःसंशय ठरते. तिच्यासोबत कृष्णाभ्रकाची चमकदार पत्रीही बहुधा सापडते.

पुरातत्त्वाला या राखेचे मोल वाटते ते एका कारणामुळे. नदीचा गाळ, वाऱ्याची धूळ, गुहेच्या छतावरून पडणारे दगड हे सर्व हजारो वर्षे हळूहळू साचत राहतात, त्यामुळे दोन ठिकाणचे थर एकाच काळातील आहेत की नाहीत हे सांगणे फार कठीण जाते. राख मात्र काही दिवसांत वा आठवड्यांत हजारो किलोमीटरवर एकाच वेळी पडते आणि म्हणून तिच्या खालचे सर्व काही आधीचे आणि वरचे सर्व काही नंतरचे, अशी समकालाची रेषा अनेक स्थळांमधून एकदम ओढता येते. ही रेषा ओढण्याच्या शास्त्रात दगडी अवजारांचे कालमापन हा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण दगडाचे वय म्हणजे अवजाराचे वय नव्हे. अवजार ज्या थरात पडून राहिले त्या थराचे वय काढावे लागते आणि ते अवजार त्या थराशी समकालीन आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

या दुसऱ्या अटीमुळे किती गुंता होऊ शकतो हे बोरीच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके भारतातील दुसऱ्या कोणत्याही स्थळावरून होत नाही. जुन्नर तालुक्यातील या गावाजवळ कुकडी नदीने आपल्याच जुन्या गाळाचे थर कापून उंच थडी उघड्या केल्या आहेत, आणि पुण्यातील संशोधक विश्वास काळे, एस. एन. राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा आदींनी १९८०च्या दशकात या थडीत फिकट पांढरट राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेची अवजारे नोंदवली. अश्युलियन म्हणजे पूर्व पुराश्मयुगातील ती परंपरा, जिच्यात दगडाला दोन्ही बाजूंनी छिलके काढून बदामी आकाराची हातकुऱ्हाड घडवली जाई; बोरीच्या हातकुऱ्हाडी अर्थातच स्थानिक बेसाल्टच्या आहेत. भारतात अश्मयुगाचे कालमापन करण्याजोगे द्रव्य फारच क्वचित मिळते, त्यामुळे अवजारे आणि ज्वालामुखीय राख एकत्र मिळणे ही मोठीच घटना होती. १९८८ साली पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले, १९९५ साली त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे आले, आणि दोन्ही वेळा बोरी हे द्वीपकल्पातील सर्वांत जुन्या मानवी स्थळांपैकी एक ठरले.

दरम्यान दुसऱ्या बाजूने वेगळाच निष्कर्ष पुढे येत होता. मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात १९८०च्या दशकाच्या आरंभी सापडलेली राख टोबाची म्हणून ओळखली गेली होती; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एस. के. आचार्य आणि पी. के. बसू यांनी १९९३ साली भारतातील निरनिराळ्या नदीखोऱ्यांतील राखा एकाच उद्रेकाच्या असल्याचे मांडले, आणि १९९८ साली जॉन वेस्टगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेतील मूलद्रव्यांचे सूक्ष्म मापन करून द्वीपकल्पातील तपासलेल्या सर्व राखा, बोरीच्या राखेसह, टोबाच्या शेवटच्या उद्रेकाच्याच आहेत असा निर्वाळा दिला. तसे असेल तर राखेचे वय चौदा लाखांवरून थेट चौऱ्याहत्तर हजारांवर येते.

एकाच राखेची वये इतकी वेगळी का यावीत, हे समजण्यासाठी पोटॅशियम-अरगॉन घड्याळाची रीत पाहावी लागते. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय मंद गतीने अरगॉन वायूत बदलतो. वितळलेल्या खडकातून हा वायू निसटून जातो आणि खडक थिजल्यावर पुन्हा साचू लागतो, म्हणून साचलेल्या अरगॉनवरून थिजल्यापासूनचा काळ काढता येतो. परंतु राखेच्या नमुन्यात जुन्या खडकाचे कण मिसळले तर त्यांचे जुने अरगॉनही मोजले जाते. नमुन्यातील पोटॅशियमपैकी एक शतांश भाग जरी साडेसहा कोटी वर्षे जुन्या कणांतून आलेला असला, तरी निघणारे वय साडेसहा लाख वर्षांनी फुगते. बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी असल्याने एवढा परिणाम होण्यासाठी बेसाल्टचे कण वजनाने बरेच मिसळावे लागतील, आणि बोरीच्या नमुन्यांत नेमके असेच घडले असा निष्कर्ष या एका हिशेबावरून काढणे योग्य नाही. तथापि लाव्हाप्रदेशातील नदीने वाहून आणलेली राख ही अशा भेसळीच्या दृष्टीने किती धोकादायक वस्तू आहे ते यावरून कळते. बोरीच्या हातकुऱ्हाडी राखेहून जुन्या आहेत असे मानणारा पक्ष आजही त्यांच्या घडणीचा आणि थरांच्या रचनेचा आधार देतो, आणि त्यात तथ्य असू शकते, कारण राख चौऱ्याहत्तर हजार वर्षांची ठरली म्हणून तिच्या खालच्या खडीतून मिळालेली हातकुऱ्हाड तेवढीच जुनी ठरत नाही. राख फक्त एवढेच सांगते की ती हातकुऱ्हाड त्याहून अलीकडची नाही. अडचण आहे ती नदीची. पुराचे पाणी जुन्या खडीतील अवजार उचलून नव्या गाळात टाकते आणि नवी राख वाहून नेऊन जुन्या घळीत भरते. बारामती तालुक्यातील मोरगावजवळ कऱ्हा नदीकाठी राख आणि अवजारे यांचा असाच संबंध अभ्यासला गेला आणि तेथेही हाच प्रश्न उभा राहिला.

खरे तर टोबाची राख भारतात थेट आकाशातून पडली तेव्हा तिची जाडी काही सेंटिमीटरच होती. अनेक ठिकाणी आज एक ते अडीच मीटर जाडीचे थर दिसतात, ते डोंगरउतारांवरची राख पहिल्या पावसांनी धुऊन सखल भागात साठवल्याने झालेले आहेत. म्हणून जाड थर पाहून तेथे जास्त राख पडली असे समजणे चुकीचे ठरते; जाडी ही त्या जागेच्या उताराची आणि पाण्याच्या ओघाची खूण आहे.

आदिलाबाद जिल्ह्याच्या दृष्टीने नदीपेक्षाही मोठा अडसर काळ्या जमिनीचा आहे. बेसाल्टच्या झिजेतून बनलेली कपाशीची काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. वैशाखात या भेगांमध्ये हात सहज आत जातो, वरची सैल ढेकळे आणि भुसभुशीत माती त्यांत घसरून तळाशी जाते, आणि पावसाळ्यात माती फुगली की खालचा ओला भाग दाबाखाली वर सरकतो. हे चक्र हजारो वर्षे चालल्यावर दोन-चार सेंटिमीटरचा राखेचा थर सलग राहणे अशक्य होते; त्याचे काचकण साऱ्या मातीत विखुरले जातात आणि दृश्य स्वरूपात काही उरत नाही. इंद्रवेल्ली, उटनूर आणि पैनगंगेच्या बाजूचे पठार यांतील बराच भाग अशा मातीखाली आहे. टिकलेली राख मिळण्याची आशा येथे दोनच प्रकारच्या जागांतून धरता येते: एक म्हणजे गोदावरीला मिळणाऱ्या कडेम नदीसारख्या प्रवाहांच्या जुन्या थडी, जेथे राख पडल्यावर लगेच जाड गाळाने झाकली गेली असेल, आणि दुसरी म्हणजे चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या कपारी आणि शैलाश्रय, जेथे नांगर, भेगा आणि पूर यांपैकी कशाचाच शिरकाव होत नाही. शैलाश्रय म्हणजे पुढे आलेल्या खडकाच्या छपराखालची उथळ पडवीसारखी जागा, खोल गुहा नव्हे, आणि अश्मयुगातील माणसाने राहण्यासाठी अंधाऱ्या गुहांपेक्षा अशाच जागा अधिक पसंत केल्या.

बेसाल्टच्या प्रदेशात नैसर्गिक गुहा कमी असतात. महाराष्ट्रात गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले डोळ्यांसमोर येतात, पण ती सर्व ऐतिहासिक काळात कोरलेली लेणी आहेत. अश्मयुगीन माणसाच्या वास्तव्याची नैसर्गिक गुहा ही येथे दुर्मीळ बाब आहे, म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यातील सुसरोंडी येथील गुहेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांना अश्युलियन अवजारे मिळाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा अभ्यासकांनी त्याची आवर्जून दखल घेतली. भीमबेटकाचे शैलाश्रय, जे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली जगापुढे आणले आणि ज्यांतील एका शैलाश्रयाचे डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात थरवार उत्खनन केले, ते विंध्य पर्वतातील क्वार्टझाइट या कठीण खडकात आहेत. चुनखडीचा पट्टा मात्र याहून वेगळा असतो. पावसाचे किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडी विरघळवून तिच्यात पोकळ्या करते, आणि पुढे तेच पाणी गुहेत ठिबकून चुन्याचे थर जमवते; या चुन्यामुळे माती घट्ट बांधली जाते आणि आम्लयुक्त मातीत विरून जाणारी हाडे टिकून राहतात. दख्खनमधील बहुतेक अश्मयुगीन स्थळांवर दगड सापडतात पण हाडे सापडत नाहीत, याचे एक कारण चुन्याचे असे संरक्षण तेथे नसणे हे असावे.

दख्खनच्या दक्षिण भागात हा लाभ आंध्र प्रदेशातील जुन्या कर्नूल जिल्ह्याला मिळाला आहे. बेतमचेर्लाजवळच्या बिल्लसुर्गम गुहांतील हाडांचा उल्लेख न्यूबोल्ड यांनी १८४४ साली केला होता. भारतीय प्रागितिहासाचे आद्य संशोधक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे पुत्र हेन्री यांनी १८८४-८५ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन केले आणि भारतातील गुहासंशोधनाचा पाया घातला. विसाव्या शतकात एम. एल. के. मूर्ती यांनी याच परिसरातील मुच्छट्ल चिंतमानु गवी ही गुहा खणली. आणि या गुहांपासून फार दूर नसलेल्या जुर्रेरू नदीच्या खोऱ्यात, ज्वालापुरम गावाजवळ, टोबाच्या राखेचा तो जाड साठा आहे ज्याची भांडी घासण्याच्या भुकटीसाठी खाणकाम करून उचल होत असे आणि त्या खाणीमुळेच त्याच्या वरखालचे थर उघडे पडले.

ज्वालापुरमचे उत्खनन कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने केले, आणि २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने हा विषय जगभर चर्चेत आणला. राखेच्या खालच्या थराचे वय सुमारे ७७,००० वर्षे आणि वरच्या थराचे सुमारे ७४,००० वर्षे निघाले. ही वये ज्या पद्धतीने काढली तिच्यात वाळूच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले ते मोजले जाते: जमिनीखाली गाडलेल्या क्वार्ट्झच्या कणात भोवतालच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते, प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकला की ती मंद दीप्तीच्या रूपाने बाहेर पडते, आणि दीप्ती जितकी जास्त तितका गाडला गेल्याचा काळ मोठा. राखेच्या खाली आणि वर दोन्हीकडे मध्य पुराश्मयुगीन अवजारे मिळाली, म्हणजे गाभ्याची आधी तयारी करून मग नेमक्या आकाराचा छिलका काढण्याच्या तंत्राची. दोन्हींच्या घडणीत ठळक तुटकपणा दिसला नाही. राखेखालच्या थरात घासल्याच्या रेघा असलेला गेरूचा एक तुकडाही मिळाला. पुढे त्याच खोऱ्यातील बाविसाव्या क्रमांकाच्या स्थळावर तर राखेने जशीच्या तशी झाकलेली वावराची भुई सापडली: माणसे जेथे बसून दगड घडवत होती तेथेच छिलके पडून राहिले आणि त्यांवर राख आली. नदीने हलवलेल्या बोरीच्या खडीपेक्षा या भुईची साक्ष कितीतरी अधिक भरवशाची आहे.

त्याच खोऱ्यातील नवव्या क्रमांकाच्या शैलाश्रयात तीन मीटरहून खोल थर मिळाले, परंतु त्यांचा आरंभच सुमारे ३८,००० ते ३४,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे टोबाच्या बराच नंतरचा आहे. तेथे सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीपासून सूक्ष्मास्त्रे, म्हणजे लाकडी दांड्यात बसवण्याची बोटाच्या पेराएवढी दगडी पाती, सलग मिळतात, मणी मिळतात, आणि मानवी अस्थीही मिळतात. शैलाश्रयाची नोंद सुरू होण्याच्या आधीचा काळ खोऱ्याच्या उघड्या स्थळांवर आहे आणि नंतरचा शैलाश्रयात. दोन्ही जोडणारी एखादी गुहा, जिच्या तळाशी टोबाआधीचा थर, त्यावर राख आणि त्यावर सलग वस्ती असेल, ती मिळणे ही या संशोधनाची खरी गरज आहे.

अशी गुहा मिळाली तरी तिच्यात राख डोळ्यांना दिसेलच असे नाही. गुहेच्या तोंडातून वाऱ्याबरोबर, प्राण्यांच्या आणि माणसांच्या पायांबरोबर किंवा झिरपत्या पाण्यातून आत येणारी राख इतकी थोडी असते की एका ग्रॅम मातीत तिचे मोजके कणच सापडतात. अशा अदृश्य राखेला अभ्यासक गुप्त राख म्हणतात. ती शोधण्यासाठी उत्खननाच्या उभ्या भिंतीतून तळापासून वरपर्यंत एकही सेंटिमीटर न सोडता मातीचे नमुने घ्यावे लागतात. प्रयोगशाळेत माती आम्लात टाकून चुना विरघळवला जातो, मग अतिशय बारीक चाळण्यांतून गाळून मनुष्याच्या केसाच्या जाडीएवढे आणि त्याहून लहान कण वेगळे केले जातात, आणि नंतर पाण्यापेक्षा दुप्पट ते अडीचपट जड असलेल्या द्रवात ते फिरवले जातात. ज्वालामुखीय काच क्वार्ट्झपेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगते आणि क्वार्ट्झ तळाशी बसतो. उरलेला अवशेष ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुतेक खनिजे रंगीत किंवा उजळ दिसतात, काच मात्र काळी पडते, कारण तिच्यात स्फटिकरचना नसते. येथे एक फसगत होऊ शकते. गवताच्या पेशींमध्ये साचणारी सिलिका, जी गवत जळल्यावर किंवा कुजल्यावर मातीत उरते, तीही याच प्रकाशात काळी दिसते. आणि गुहेत शेकोट्या पेटलेल्या असतील तर तिचे प्रमाण राखेपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून शेवटी संशयित कण एकेक करून सुईने उचलून, राळेत बसवून, इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली त्याची रासायनिक घडण मोजावी लागते, आणि तेव्हाच तो टोबाचा आहे की गवताचा हे ठरते.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मॉसेल बेजवळील पिनॅकल पॉइंट येथील एका शैलाश्रयात याच रीतीने टोबाचे काचकण सापडले. हे स्थळ टोबापासून जवळजवळ ९,००० किलोमीटरवर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधात दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या पातळीवर काचकण होते त्यानंतरही तेथील मानवी वस्ती खंडित झाली नाही, उलट ती अधिक दाट झाली. युरोपमध्ये हेच तंत्र वेगळ्या उद्रेकासाठी वापरले गेले: इटलीतील नेपल्सजवळ सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकाची गुप्त राख ग्रीसपासून लिबियातील हौआ फ्तेआह गुहेपर्यंत शोधून २०१२ साली असे दाखवण्यात आले की निअँडरथल मानवाची पीछेहाट त्या उद्रेकाच्या आधीच सुरू झाली होती आणि उद्रेकाला तिचे कारण मानता येत नाही.

हे सर्व निष्कर्ष एका जुन्या आणि लोकप्रिय कल्पनेच्या विरुद्ध जातात. टोबाच्या धुळीने आणि गंधकाच्या थेंबांनी सूर्यप्रकाश अडवून जगभर ज्वालामुखीय हिवाळा आणला असावा, असे रॅम्पिनो आणि सेल्फ यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी मांडले आणि १९९८ साली स्टॅन्ली अँब्रोज यांनी त्यापुढे जाऊन मानवजात त्या वेळी नामशेष होण्याच्या काठावर आली होती असे प्रतिपादन केले. भारत हा राखेच्या थेट छायेत असल्याने येथे सर्वाधिक संहार झाला असेल असे गृहीत धरले गेले. उद्रेकाचा परिणाम झालाच नाही असे म्हणणे बरोबर नाही. बंगालच्या उपसागरातील गाळात मिळालेले परागकण आणि मध्य भारतातील मातीतील कार्बनचे पुरावे उद्रेकानंतर जंगल कमी होऊन गवताळ रान वाढल्याचे सुचवतात. परंतु बिल्लसुर्गमच्या गुहांमधील हाडांचा पॅट्रिक रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जो लेखाजोखा प्रसिद्ध केला त्यात सुमारे दोन लाख वर्षांच्या काळात ओळखता आलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी एक माकडाची जात वगळता बाकी सर्व टिकून राहिल्याचे दिसले. जंगल आणि गवताळ रान यांची सरमिसळ असलेल्या या प्रदेशात प्राण्यांना आसरा बदलण्याची सोय होती, आणि जी सोय हरणाला होती ती हरणाची शिकार करणाऱ्या माणसालाही असणार, हे अनुमान पुराव्याला धरून आहे. २०२० साली सोन खोऱ्यातील धाबा या स्थळावरून ख्रिस क्लार्कसन, अलाहाबाद विद्यापीठाचे जे. एन. पाल आणि इतरांनी सुमारे ८०,००० वर्षांपूर्वीपासून टोबाच्या पुढे सलग चालू राहिलेली अवजारपरंपरा नोंदवली.

माणसे टिकली हे मान्य केले तरी ती माणसे कोण होती हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याच्यावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. पेट्राग्लिया, कोरीसेट्टर आणि क्लार्कसन यांच्या मते राखेखालची अवजारे आफ्रिकेतून आलेल्या आधुनिक मानवाची, म्हणजे आपल्याच जातीची आहेत. पॉल मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली आनुवंशिकीचा आधार देऊन असे म्हटले की आपली जात भारतात टोबानंतर, साठ ते पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास आली आणि राखेखालची अवजारे आधीच्या एखाद्या मानवजातीची आहेत. दगडाचा छिलका स्वतःच्या कर्त्याचा वंश सांगत नाही. दोन वेगळ्या जातींनी एकच तंत्र वापरल्याची उदाहरणे पश्चिम आशियातील गुहांमध्ये सिद्ध झालेली आहेत. नर्मदाकाठच्या हथनोरा येथे अरुण सोनाकिया यांना १९८२ साली मिळालेला कवटीचा भाग आपल्या जातीचा नाही, एवढ्यावरून इतकेच म्हणता येते की भारतात आपल्याआधी दुसरी मानवजात नांदत होती. दक्षिण आशियातील आधुनिक मानवाच्या सर्वांत जुन्या अस्थी श्रीलंकेतील फा-हिएन लेना यांसारख्या गुहांतल्या असून त्या टोबाच्या कितीतरी नंतरच्या आहेत. उलट लाओसमधील टाम पा लिंग गुहेतून आधुनिक मानवाची हाडे ८६,००० ते ६८,००० वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे, आणि आफ्रिकेतून लाओसला पायी जाणाऱ्या माणसाच्या वाटेत भारत येतो. म्हणून आता छिलक्यांच्या आणखी ढिगांपेक्षा राखेखालचा हाडाचा एखादा तुकडा, एखादा दात अधिक निर्णायक ठरेल. आणि हाडे टिकवणारा चुना व राख टिकवणारे छप्पर या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जागा द्वीपकल्पात कर्नूलच्या आणि पैनगंगेच्या चुनखडीसारख्या पट्ट्यांत शोधाव्या लागतील.